हिशेबाला शिस्त लावणारा संन्यासी : लुका पाचोली

घरच्या घरी एखादा उद्योग सुरू करणे फारसे कठीण नसते. कठीण असते ते त्याचा हिशेब ठेवणे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारी गृहिणी असो, घरातल्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून बसलेला शिंपी असो की संध्याकाळी शिकवण्या घेणारे निवृत्त शिक्षक असोत, वर्षाअखेरीस या साऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो तो एकच. वर्षभर एवढे राबलो, पण हाती नेमके उरले काय? डब्यातला पैसा घरखर्चाला जातो, घरातले तेल-पीठ धंद्याला लागते, उधारी डोक्यात राहते आणि पावत्या कपाटाच्या कोपऱ्यात. धंदा बुडतो तो पुष्कळदा गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे, तर तो चालला आहे की बुडतो आहे हेच मालकाला वेळेवर कळत नाही म्हणून.

या अडचणीवर पाचशे वर्षांपूर्वी एका माणसाने छापील पुस्तकातून तपशीलवार उपाय सांगितला. आश्चर्याची गोष्ट अशी, की हा माणूस व्यापारी नव्हता. तो गणिताचा शिक्षक होता आणि निष्कांचनतेचे व्रत घेतलेला फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी होता. जगभरचे हिशेबनीस ज्याला आपल्या शास्त्राचा जनक मानतात, त्या लुका पाचोलीचे चरित्र अनेक अर्थांनी विलक्षण आहे.

लुकाचा जन्म इटलीतील सानसेपोल्क्रो या लहानशा गावी सुमारे १४४७ साली झाला. घराणे सामान्य होते. त्या काळी इटलीत शिक्षणाचे दोन मार्ग असत. एक लॅटिन भाषेचा, म्हणजे विद्वानांचा आणि धर्मपंडितांचा. दुसरा लोकभाषेतल्या हिशेबी शाळांचा. या दुसऱ्या शाळांत व्यापाऱ्यांची मुले वजने-मापे, व्याज, नाण्यांची अदलाबदल, भागीदारीतील नफ्याची वाटणी असे व्यवहारी गणित शिकत. पिसाच्या लिओनार्दोने १२०२ साली आपल्या ग्रंथातून भारतात जन्मलेल्या आणि अरबांमार्फत पश्चिमेत गेलेल्या अंकांची ओळख इटलीतील व्यापाऱ्यांना करून दिली होती. या शाळांचा सारा डोलारा त्या दहा अंकांवर उभा होता. लुकाची बुद्धी घडली ती याच व्यवहारी गणितात. त्याच गावचा पिएरो देल्ला फ्रान्चेस्का हा थोर चित्रकार उत्तम गणितीही होता. लुकाला त्याचा सहवास लाभला. या गुरुतुल्य माणसाचे नाव पुढे लुकाच्या कीर्तीला डाग लावण्यास कारणीभूत व्हायचे होते. पण ती गोष्ट नंतरची.

१४६४ च्या सुमारास विशीच्या आतला लुका व्हेनिसला आला. पूर्वेकडून येणारी मिरी, आले, रेशीम याच शहरातून युरोपभर जाई. आपल्या मलबारची काळी मिरी अलेक्झांड्रियामार्गे येथेच उतरे. अंतोनिओ रोंपियासी नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या तीन मुलांना शिकवण्यासाठी लुकाला घरी ठेवून घेतले. व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे घर म्हणजे एकाच वेळी घर, वखार आणि कचेरी असे. तळमजल्यावर माल, वर कुटुंबाचा संसार आणि दोहोंच्या मध्ये हिशेबाची मेजे. मुलांना शिकवता शिकवता लुका स्वतः शिकत गेला. मालकाच्या मालाबरोबर त्याने प्रवास केला आणि शहरातील गणिताच्या सार्वजनिक व्याख्यानांनाही तो जाऊ लागला. १४७० साली त्याने या तीन मुलांसाठी अंकगणिताचे एक पुस्तक लिहिले. ते आज उपलब्ध नाही. परंतु घर आणि व्यापार एकाच छपराखाली नांदतात तेव्हा वह्या कशा असाव्यात, याचे धडे त्याला मिळाले ते याच घरात.

व्हेनिस सोडून तो रोमला गेला. तेथे लिऑन बात्तिस्ता अल्बेर्ती या प्रख्यात वास्तुविशारदाच्या घरी त्याने काही महिने काढले. नंतरच्या काही वर्षांत त्याने फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेतली. १४७७ साली पेरुजाच्या विद्यापीठात तो गणित शिकवू लागला. तेथून झारा, फ्लोरेन्स, नेपल्स, रोम असे गावोगाव फिरत त्याने उभे आयुष्य अध्यापनात घालवले. शिक्षक म्हणून त्याची कीर्ती वाढत गेली, तसा मत्सरही वाढला. या संन्याशाला पोपकडून खास सवलती मिळाल्या होत्या आणि त्या त्याच्याच पंथातील लोकांच्या डोळ्यांत खुपत होत्या. १४९१ साली त्याच्या जन्मगावी त्याला शिकवण्याची बंदी झाली. दोनच वर्षांनी त्याच गावाने उपवासकाळातील प्रवचनांसाठी त्याला सन्मानाने बोलावले. हा मान आणि ही अवहेलना अखेरपर्यंत त्याच्या सोबतीला राहिली.

१४९४ साली पाचोलीचा महाग्रंथ व्हेनिसमध्ये छापून झाला. 'सुम्मा' या नावाने तो ओळखला जातो. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि प्रमाण यांचे तोपर्यंतचे सारे ज्ञान त्याने सुमारे सहाशे पृष्ठांत एकत्र केले. महत्त्वाची गोष्ट ही, की ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हता. दुकानदारालाही वाचता यावा अशा लोकभाषेत होता. या अवाढव्य ग्रंथातील सत्तावीस पृष्ठांचा एक भाग हिशेब आणि नोंदी या विषयाला वाहिलेला आहे. त्याची लहान लहान छत्तीस प्रकरणे आहेत. ग्रंथातील बीजगणित पुढे जुने झाले; ही सत्तावीस पृष्ठे मात्र टिकली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. द्विनोंदी पद्धतीचा शोध पाचोलीने लावला नाही आणि तसा दावाही त्याने कधी केला नाही. इटलीतील व्यापारी ही पद्धत त्याच्या जन्माआधी शंभर-दीडशे वर्षे वापरत होते. जिनोव्हा शहराच्या १३४० सालच्या सरकारी वह्या या पद्धतीने लिहिलेल्या आहेत. बेनेदेत्तो कोत्रुल्यी नावाच्या व्यापाऱ्याने १४५८ साली आपल्या पुस्तकात तिचा उल्लेख केला होता. मात्र ते पुस्तक छापले गेले ते १५७३ साली. पाचोलीने स्पष्ट सांगितले, की व्हेनिसची रीत सर्वांत चांगली असल्याने आपण तिचाच अवलंब करीत आहोत. त्याचे श्रेय हे, की जी विद्या पेढीवरच्या उमेदवाराला मालकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून मिळे, ती त्याने नीट मांडून, छापून, कोणालाही विकत घेता येईल अशी केली.

ही रीत होती तरी कशी? पाचोलीच्या मते धंद्याला तीन गोष्टी लागतात : भांडवल किंवा पत, हिशेबात तरबेज हात आणि प्रत्येक व्यवहार जमा-नावे करून ठेवण्याची शिस्त. आरंभ करायचा तो मालमत्तेच्या यादीपासून. ही यादी करताना तो व्यापाऱ्याला केवळ वखारीत नेत नाही, तर घरभर फिरवतो. रोकड किती, जडजवाहीर कोणते, चांदीची भांडी किती वजनाची, कपडे, चादरी, पिसांच्या गाद्या किती, मग माल, घरे, जमिनी, आणि शेवटी येणे किती व देणे किती. ज्या वस्तू सहज हरवू शकतात त्या आधी लिहाव्यात आणि सारी यादी एकाच दिवसाची असावी. आपण कोठून निघालो हे ठाऊक नसेल तर कोठे पोचलो हे कळणार कसे, असा त्यामागचा साधा विचार आहे.

यानंतर तीन वह्या. पहिली टिपणवही. दिवसभरात जे जे घडेल ते घडेल तसे, ज्या नाण्यात घडले त्या नाण्यात, सविस्तर लिहून ठेवायचे. कोणी लिहायचे? मालकाने, त्याच्या गुमास्त्याने, आणि ते घरी नसतील तर लिहिता येत असल्यास घरातल्या स्त्रियांनीही. पंधराव्या शतकातील ही सूचना वाचताना आजच्या घरगुती उद्योगाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. व्यवहार मालकाची वाट पाहत थांबत नाही, तेव्हा दाराशी जो असेल त्याने नोंद करावी, हे पाचोलीने ओळखले होते.

दुसरी वही रोजकीर्द. टिपणवहीतला पसारा येथे आवरला जातो. वेगवेगळी नाणी एकाच चलनात आणायची, अनावश्यक तपशील गाळायचा आणि प्रत्येक व्यवहाराचे दोन पक्ष ठरवायचे : कोणाच्या नावे आणि कोणाच्या जमा. तिसरी वही खतावणी. येथे प्रत्येक खात्याला आपले पान मिळते. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. आणि खाते चटकन सापडावे म्हणून आरंभी अक्षरांच्या क्रमाने सूची. रोजकीर्दीतील प्रत्येक रक्कम खतावणीत दोनदा उतरते, एकदा नावे आणि एकदा जमा. उतरवून झाली की रोजकीर्दीतील त्या नोंदीवर रेघ मारायची, म्हणजे काय राहिले ते दिसते.

आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवरील वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. लाल कापडात बांधलेली वही, रेघांऐवजी कागदाला पाडलेले सळ, रोजकीर्द आणि खतावणी हे सारे आपल्या महाजनी परंपरेतही होते. फरक एवढाच, की आपल्या देशी वहीत जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे असे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण वहीची पूजा करतो. पाचोलीच्या काळचा व्यापारीही पहिल्या वहीवर क्रूसाचे चिन्ह काढून, देवाचे नाव घालूनच हिशेब आरंभी.

घरगुती व्यावसायिकाच्या दृष्टीने पाचोलीचा खरा धडा पुढे आहे. घरखर्चाला त्याने स्वतंत्र खाते दिले. धान्य, दारूचे पिंप, सरपण, तेल, मीठ, मांस, जोडे, शिंप्याची मजुरी, नोकरांचे पगार हे सारे त्या खात्यात. बाजारहाटाच्या किरकोळ खर्चासाठी रोकडीतून एक लहान रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि तिच्यातून खर्च करीत जावे, म्हणजे चार-चार पैशांसाठी मोठी वही उघडावी लागत नाही. हरवले, चोरीला गेले, आगीत जळाले, खेळात गमावले, तेही लिहायचे, कारण लिहिले नाही म्हणून नुकसान टळत नाही. दुकान वेगळे असेल तर दुकानाला एखाद्या परक्या माणसासारखे वागवावे : आपण त्याला दिलेला माल त्याच्या नावे, त्याच्याकडून आलेला पैसा त्याच्या जमा. घर आणि धंदा एका छपराखाली असले तरी वहीत ते दोन वेगळे गृहस्थ असले पाहिजेत, हे तत्त्व त्याने असे प्रत्यक्ष उदाहरणांतून शिकवले.

चुकांविषयी त्याचे धोरण करारी होते. चुकीच्या जागी पडलेली रक्कम खोडायची नाही. खाणाखूण करून तेवढीच रक्कम समोरच्या बाजूला लिहायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. एक वही गिऱ्हाइकाला दाखवायला आणि दुसरी पुरवठादाराला, अशा दोन वह्या ठेवणाऱ्यांचा त्याने निषेध केला. पत्रव्यवहारही त्याने सोडला नाही. आलेल्या पत्रावर तारीख टिपावी, उत्तर दिल्याची नोंद करावी आणि महिन्यामहिन्याचे गठ्ठे बांधून ठेवावेत, असे त्याने सुचवले. पावत्या शोधताना घर उलथेपालथे करणाऱ्यांना या सूचनेचे मोल वेगळे सांगायला नको.

शेवटी वर्षाची तेरीज. सर्व नावे रकमांची बेरीज एका कागदावर डावीकडे, सर्व जमा रकमांची उजवीकडे. दोन्ही बेरजा जुळल्या तर वह्या ठीक. जुळल्या नाहीत तर चूक कोठेतरी आहे आणि ती सापडेपर्यंत शोधली पाहिजे. त्याआधी नफा-तोट्याचे खाते मिटवून जो फरक राहील तो भांडवलात न्यायचा. वर्षभराच्या कष्टाचे उत्तर त्या एका आकड्यात असते. भागीदारीत तर दरवर्षी हिशेब मिटवावाच, कारण वेळच्या वेळी झालेल्या हिशेबाने मैत्री टिकते, असे त्याचे मत होते.

'सुम्मा'ने पाचोलीचे भाग्य उजळले. १४९५ साल लिहिलेले त्याचे एक चित्र नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे. संन्याशाच्या वेशातील पाचोली पाटीवर भूमितीची आकृती काढून दाखवतो आहे आणि शेजारी एक उमदा तरुण उभा आहे. १४९६ साली मिलानचा अधिपती लुदोविको स्फोर्झा याने त्याला आपल्या दरबारी बोलावले. तेथे त्याची गाठ लिओनार्दो दा विंचीशी पडली. लिओनार्दोने 'सुम्मा'ची प्रत विकत घेतल्याची नोंद आपल्या टिपणांत किमतीसह केली आहे : ११९ सोल्दी. हिशेबाच्या ग्रंथाच्या खरेदीचा हिशेब उरावा, हा योग मोठा गमतीचा. पाचोलीने लिओनार्दोला गणित शिकवले आणि लिओनार्दोने पाचोलीच्या 'दिव्य प्रमाण' या ग्रंथासाठी बहुफलकांची चित्रे काढून दिली. १४९९ साली फ्रेंच फौजा मिलानवर चालून आल्या, तेव्हा दोघांनीही शहर सोडले आणि पुढे काही काळ फ्लोरेन्समध्ये काढला. १५०८ च्या ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या एका चर्चमध्ये युक्लिडवर त्याने दिलेल्या व्याख्यानाला शहरातील नामवंतांची गर्दी लोटली होती. पुढच्याच वर्षी 'दिव्य प्रमाण' छापले गेले.

आणि याच ग्रंथाने त्याच्या नावावर न फिटलेले देणे चढवले. ग्रंथाचा अखेरचा भाग हा पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या घनाकृतींवरील लॅटिन पुस्तकाचा इटालियन अनुवाद आहे. पण पिएरोचे नाव तेथे नाही. पिएरो १४९२ सालीच वारला होता, तेव्हा तक्रार करायला तो नव्हता. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीने १५५० साली पाचोलीवर चोरीचा उघड आरोप केला. पाचोलीच्या बाजूने सांगण्यासारखे आहे ते हे, की 'सुम्मा'त त्याने पिएरोचा चित्रकलेतील सम्राट म्हणून मोठ्या आदराने उल्लेख केला होता आणि त्या काळी दुसऱ्याचे लेखन आपल्या ग्रंथात सामावून घेणे आजच्याइतके निंद्य मानले जात नसे. तरीही मूळ लॅटिन पुस्तकाची प्रत आज उपलब्ध असल्याने हे उसनेपण लपत नाही. प्रत्येक घेण्यासमोर देणाऱ्याचे नाव लिहा, हे जगाला शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या वहीत ही एक नोंद एकेरी राहून गेली. त्याच्या चरित्रकारांना हा फरक अजून पुसता आलेला नाही.

उतारवयात पाचोली पुन्हा पेरुजात शिकवू लागला. १५१४ साली पोप दहावा लिओ याच्या काळात त्याला रोमला अध्यापनासाठी बोलावण्यात आले. १५१७ साली तो वारला. त्याचे पुस्तक मात्र प्रवास करीत राहिले. व्हेनिसच्या दोमेनिको मान्झोनीने १५४० साली त्याच्या आधारे भरपूर उदाहरणांसह नवे पुस्तक काढले. १५४३ साली अँटवर्प आणि लंडन येथे त्याच परंपरेतील पुस्तके निघाली आणि व्हेनिसची रीत युरोपभर पसरली. कंपन्यांबरोबर ती समुद्र ओलांडून आपल्या देशातही आली. १९९४ साली 'सुम्मा'ला पाचशे वर्षे झाली तेव्हा इटलीने पाचोलीची प्रतिमा असलेले ५०० लिरांचे नाणे काढले आणि सानसेपोल्क्रोत देशोदेशीचे हिशेबनीस जमले.

आज टिपणवहीची जागा मोबाइलने घेतली आहे, रोजकीर्द आणि खतावणी संगणक आपोआप लिहितो आणि तेरीज क्षणार्धात जुळते. पण घरातला किराणा धंद्याच्या पैशातून आणला तर ती रक्कम कोणत्या खात्यात टाकायची, हे संगणकाला माणसानेच सांगावे लागते. शेजारच्या काकूंना उधारीवर दिलेले दोन किलो चकलीचे पीठ लिहायचे की मनात ठेवायचे, हा निर्णय आजही माणसाचाच असतो. त्या निर्णयातली शिस्त पाचोलीच्या सत्तावीस पृष्ठांत आहे. तिला ना मोठे भांडवल लागते, ना यंत्र. लागते ती रात्री दिवा मालवण्यापूर्वी पंधरा मिनिटांची बैठक आणि स्वतःशी खोटे न बोलण्याची तयारी.